जुना सेट, नवी तार

आमच्या बाबांची गाडी 2004 सालची. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते 2019 मध्ये केलं आणि 2024 मध्ये पुन्हा केलं. हौस बाबांची, आरटीओच्या फेऱ्या माझ्या. इंजिनाबद्दल घरात कुणाची तक्रार नाही. वाद होता तो डॅशबोर्डमधल्या, कंपनीनेच बसवून दिलेल्या कॅसेट प्लेअरवरून.

"अज्जा, हा डबा काढूया की आता. स्क्रीनवाला बसवूया," मुलगी म्हणाली. तिची सगळी गाणी मोबाईलमध्ये, आणि मोबाईलची तार लावायला या सेटला भोकच नाही. बाबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून गाडीची किल्ली खुंटीवरून नाहीशी झाली.

कारण मला उशिरा कळलं. आई धारवाडकडची. लग्न होऊन बेळगावात आली, मराठी शिकली, आमच्या शाळेच्या निबंधातल्या चुकासुद्धा काढायची. पण लग्नकार्यात तिच्या तोंडी यायची ती सोबाने पदंच. 1996 साली ताईच्या लग्नात कुणीतरी ती टेप करून ठेवली. आई 2017 मध्ये गेली. घरातला टू-इन-वन त्याआधीच भंगारात गेला होता. म्हणजे तिचा आवाज ऐकायचा तर गाडीतच जाऊन बसायला हवं. रोज संध्याकाळी बाबा 'गाडी पुसून येतो' म्हणून जात, ते कशासाठी, हे मला दोन-तीन वर्षं समजलं नव्हतं!

सेट काढायचा विषय तिथेच संपला. आता प्रश्न उरला, आहे त्याच सेटमध्ये मोबाईल वाजवायचा कसा?

पहिला उपाय सोपा म्हणून केला. कॅसेटच्या आकाराचं एक अ‍ॅडॅप्टर मिळतं, त्याला शेपटीसारखी तार असते. आत टेप नसते, एक छोटं हेड असतं. मोबाईलमधून आलेल्या संकेतानुसार ते चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि प्लेअरच्या हेडला वाटतं, समोरून टेपच चालली आहे. युक्ती झकास आहे. पण आमचा सेट ऑटो-रिव्हर्सचा. त्याला अ‍ॅडॅप्टरच्या दात्यांचं फिरणं पसंत पडेना, दर दोन मिनिटांनी खट्‌कन बाजू बदलायचा.

मग एफएम ट्रान्समीटर आणला. सिगारेट लायटरच्या जागी खुपसायचा, मोबाईल ब्लूटूथने जोडायचा आणि रेडिओवर रिकामी जागा शोधायची. बेळगावात तो ठीक वाजला. धारवाड जवळ येऊ लागलं तसं त्याच जागेवर दुसरं स्टेशन घुसलं, आणि मुलीच्या गाण्यात हवामानाचा अंदाज मिसळला. गावातल्या गावात फिरणाऱ्याला हा उपाय पुरतो, आम्हाला पुरेना.

तिसऱ्या वेळी मी चूक केली. एका दुकानात गाडी नेली. तिथल्या मुलाने विचारपूस न करता बॅटरीची तार काढली. परत जोडल्यावर सेट सुरू होईना, पडद्यावर 'कोड' असा शब्द! चोरीपासून बचाव म्हणून काही गाड्यांच्या सेटला असा आकडा दिलेला असतो. वीज तुटली की सेट तो मागतो, आणि वारंवार चुकीचा घातला तर कुलूपबंद होऊन बसतो. बाबा तोंडाने काही म्हणाले नाहीत, पण त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीच्या माहितीपुस्तकाच्या खिशात कोडचं कार्ड सापडलं, म्हणून निभावलं. वाचकहो, बॅटरीला हात लावण्याआधी ते कार्ड शोधून ठेवा.

शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी कॅसेट लावून ऐकली आणि म्हणाले, "सर, सेट चलो ऐत्रि. याक तगीतीरि?" काढायचा नाहीच, म्हटल्यावर माणूस खुलला. आधी ही कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग सेट उघडतो, ही त्यांची अट. मला ते सुचलं नव्हतं याची लाज वाटली. त्यांच्याच डेकवर, हेड स्पिरिटने पुसून, आईची दोन्ही अंगं उतरवून घेतली.

मग सेट उघडला. कॅसेटच्या हेडमधून येणारा आवाज फार क्षीण असतो, आत एक सर्किट तो वाढवून व्हॉल्यूमकडे पाठवतं. मोबाईलचा आवाज मुळातच मोठा, म्हणून तो हेडपाशी नाही, त्या सर्किटच्या पुढे घालायचा. डाव्या-उजव्या दोन वाटा त्यांनी तिथे तोडल्या आणि एका जॅकमधून परत जोडल्या. तार खुपसली की कॅसेटची वाट बंद, मोबाईलची सुरू. तार काढली की सेट पूर्वीसारखा. मध्ये दोन कपॅसिटर, सर्किटमधली वीज मोबाईलकडे जाऊ नये म्हणून. गंमत एवढीच, की आत कॅसेट फिरत असल्याशिवाय सेट त्या वाटेवर येत नाही. त्यासाठी एक कोरी कॅसेट ठेवली आहे. मुलीची गाणी वाजतात तेव्हा ती मुकाट्याने फिरत असते.

एक खोड उरली होती. मोबाईल गाडीतच चार्जिंगला लावला की अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी बारीक शिट्टी ऐकू यायची. चार्जर आणि ऑडिओची तार अशा दोन वाटांनी अर्थिंग जोडलं गेलं की अल्टरनेटरचा आवाज आत शिरतो. मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी लावली, आत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर, आणि शिट्टी गेली.

ज्यांना सेट बदलायचाच आहे त्यांनी बदलावा, मला काही म्हणायचं नाही. फक्त मूळ वायरिंग कापू देऊ नका. जोडणीचा तयार सॉकेट मिळतो, तो मागून घ्या.

गेल्या महिन्यात धारवाडला निघालो. हिरेबागेवाडीपर्यंत मुलीचं चाललं होतं. कित्तूर आलं तशी बाबांनी तार उपसली, कोरी कॅसेट काढली आणि खिशातली लावली. तीच पदं मुलीच्या मोबाईलमध्येही आहेत, अधिक स्वच्छ. पण बाबांना कॅसेटच हवी. मुलगी गुपचूप ऐकत होती. मग एका पदातल्या शब्दाचा अर्थ तिने विचारला. मला येईना. बाबांनीही थोडा विचार केला आणि मान हलवली. धारवाडला पोचल्यावर मावशीला विचारायचं ठरलं.