भांड्यांचा स्टॉल आणि हिशेबाची वही

आपल्या बेटावर वर्षभर कोठे ना कोठे मेळा भरलेलाच असतो. कधी शाळेची फॅन्सी-फेअर, कधी व्हिलेज कौन्सिलने भरवलेला मेळा, तर वर्षाखेरीस शहरांतून मोठे खरेदीचे बाजार. सोमवारी माहेबूरचा बाजार पाहायला पर्यटकसुद्धा जातात. अशा गर्दीत गातो-पिमाँच्या कढईशेजारी किंवा मुलांच्या खेळण्यांच्या दुकानापलीकडे दोन टेबले जोडून मांडलेला एखादा भांड्यांचा स्टॉल आपण पुष्कळदा पाहिला असेल. चकचकीत पातेली, झाकणबंद डबे, प्रेशर कुकर, न चिकटणारे तवे, आणि त्यांच्यामागे ॲप्रन बांधून उभी असलेली एखादी गृहिणी. आपण थांबतो, दोन भांडी हाताळतो, किंमत विचारतो आणि पुढे जातो. त्या टेबलामागे उभ्या असलेल्या बाईचा दिवस कसा जातो, तिच्या हाती काय उरते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. आज तोच विचार वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

या धंद्याला थेट विक्री म्हणतात. येथे दुकान नसते आणि पगारही नसतो. विकणारी बाई कंपनीकडून काही टक्के सवलतीने माल घेते आणि छापील किमतीला विकते. मधला फरक तिचा. मात्र स्टॉलचे भाडे, गाडीखर्च आणि पावसात भिजलेली खोकी हेही तिचेच.

या पद्धतीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेत अर्ल टपर नावाच्या गृहस्थांनी पॉलिथिलीनचे डबे तयार करून १९४६ साली बाजारात आणले. झाकण मधोमध दाबून थोडी हवा बाहेर काढली, की बाहेरच्या हवेच्या दाबाने ते घट्ट बसते, अशी त्यांची युक्ती होती. परंतु दुकानाच्या फळीवर हे डबे पडून राहिले. झाकण कसे लावायचे हे सांगायला तेथे कोणीच नव्हते! ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी मात्र घरोघरी शेजारणी जमवून, डबा हातात घेऊन, झाकण लावून दाखवून पुष्कळ माल विकला. ते पाहून टपर यांनी १९५१ मध्ये आपला माल दुकानांतून काढून घेतला आणि घरगुती विक्रीची सारी जबाबदारी वाइजबाईंवर सोपवली. १९५४ साली ‘बिझनेस वीक’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले. तेथे झळकलेल्या त्या पहिल्याच स्त्री. आणि १९५८ मध्ये त्याच कंपनीने त्यांना काढून टाकले! त्याच वर्षी टपर यांनी कंपनी विकली. पुढे ती जगभर पसरली, पण सप्टेंबर २०२४ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली तिला अमेरिकेतील न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. लक्षावधी स्त्रियांनी उभी केलेली कंपनीसुद्धा अशी डळमळू शकते, ही गोष्ट स्टॉल मांडणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात ठेवावी.

आपल्याकडे या धंद्याकडे वळलेल्या स्त्रियांत कपड्यांच्या कारखान्यांतून आलेल्या काहीजणी आहेत. १९७० च्या निर्यात-क्षेत्र कायद्यानंतर येथे कारखाने निघाले आणि हजारो स्त्रियांच्या हाती प्रथमच स्वतःचा पगार आला. पुढे १ जानेवारी २००५ रोजी कापडाच्या जागतिक कोट्याची पद्धत संपली. त्या सुमारास अनेक कारखाने बंद पडले. आमच्या वहिनी अशाच एका कारखान्यात चौदा वर्षे स्वेटर विणण्याच्या यंत्रावर होत्या. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांची दोन्ही मुले शाळेत होती. एका मैत्रिणीने एका कंपनीची ओळख करून दिली आणि वहिनींनी नमुन्याच्या भांड्यांचे पहिले खोके घरी आणले. तेव्हापासून महिन्यातले दोन-तीन रविवार त्या कोठल्या ना कोठल्या मेळ्यात उभ्या असतात. त्यांच्या हिशेबाची वही मी लिहिते, म्हणून या धंद्याची आतली बाजू मला ठाऊक आहे.

प्रथम विक्रीची रीत पाहू. वहिनी सकाळी स्टॉलवर पोहोचताच आयोजकांची परवानगी घेऊन लहानशी गॅसची शेगडी मांडतात, शेजारी वाळूची बादली ठेवतात आणि कुकरमध्ये डाळ चढवतात. मग जिऱ्याची फोडणी देतात. फोडणीचा वास सुटला की हाका मारून गिऱ्हाईक बोलवावे लागत नाही. कोणी क्रिओलमध्ये विचारतो, कोणी भोजपुरीत, कोणी फ्रेंचमध्ये. वहिनी ज्याला त्याला त्याच्या भाषेत उत्तर देतात. त्यांचा भर स्तुतीपेक्षा कारण सांगण्यावर असतो. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांवर उकळते, आणि क्युरपिपसारख्या उंच गावी त्याच्याही थोडे आधी. त्यापुढे कितीही आच दिली तरी पाणी अधिक तापत नाही, फक्त वाफ होऊन उडते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून डाळ लवकर शिजते आणि गॅसचा बारा किलोचा सिलिंडर अधिक दिवस पुरतो. शिटी होऊ लागली की आच कमी करा, हेही त्या आवर्जून सांगतात.

वहिनींच्या पेटीत एक लहानसा लोहचुंबकही असतो. ज्यांच्या घरी इंडक्शनची शेगडी आहे त्यांना त्या भांड्याच्या बुडाला चुंबक लावून दाखवतात. चिकटला तर भांडे त्या शेगडीवर चालेल, न चिकटला तर नाही. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेले उत्तम स्टीलसुद्धा चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. अशा भांड्याच्या बुडाला निराळा थर असावा लागतो. न चिकटणारा तवा घेणाऱ्याला त्या बजावतात, की रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवू नका आणि लोखंडी उलथने लावू नका. डब्यांची मागणी अलीकडे वाढली आहे. २०२१ पासून एकदा वापरून फेकून द्यायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर आपल्या देशात बंदी आली, तेव्हापासून दालपुरी आणायला घरचा डबा नेणारी माणसे अधिक दिसू लागली आहेत.

विकण्यापूर्वी वहिनी तीन प्रश्न विचारतात. घरात जेवणारी माणसे किती? शेगडी कोणती? आणि हे भांडे रोज कशाला वापरणार? एकदा एका वृद्ध बाईंनी दहा लिटरचा कुकर मागितला. शेजारणीने घेतला, म्हणून त्यांनाही तोच हवा होता. वहिनींनी विचारले, “मावशी, घरी जेवायला कोण कोण?” उत्तर आले, “मी आणि तुझे काका.” वहिनींनी दहा लिटरचा कुकर बाजूला सारला आणि तीन लिटरचा पुढे केला. त्या दिवशी वहीत रक्कम कमी लिहिली गेली. पण पुढच्या मेळ्यात त्याच मावशी आपल्या लेकीला आणि सुनेला घेऊन आल्या. 

आता हिशेबाकडे वळू, कारण येथेच पुष्कळांची फसगत होते. समजा, एका भांड्याची छापील किंमत १००० रुपये आहे आणि विकणारीला पंचवीस टक्के सवलत मिळते. म्हणजे एका भांड्यामागे तिचे २५० रुपये. समजा स्टॉलचे भाडे १५०० रुपये, व्हॅनचे ८००, डाळ, गॅस व किरकोळ खर्च ३००, आणि दाखवण्यासाठी वापरून झिजलेल्या भांड्यांचे ४००. एकूण ३००० रुपये झाले. याचा अर्थ पहिली बारा भांडी विकली जाईपर्यंत तिला स्वतःला एक पैसाही मिळत नाही. वीस भांडी गेली, तर ५००० मधून ३००० वजा जाऊन २००० उरतात. मेळ्याचे दहा तास, आदल्या दिवशीच्या बांधाबांधीचे दोन आणि नंतर घरोघरी माल पोहोचवून पैसे गोळा करण्याचे आठ, असे वीस तास धरले, तर तासाला १०० रुपये पडले. हा झाला चांगला दिवस. वाक्वा-क्युरपिपकडच्या पावसाचा भरवसा नाही. दुपारी पाऊस आला आणि सातच भांडी खपली, तर १७५० मिळाले आणि १२५० पदरचे गेले. संध्याकाळी पेटीत सात हजार रुपये दिसतात, म्हणून मन खूश होते. परंतु पेटीतला पैसा आणि नफा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाचवी-सहावीच्या मुलांना नफा-तोट्याची उदाहरणे आपण शिकवतो, ती येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात.

याहून मोठा धोका दुसराच आहे. काही कंपन्यांत भांडी विकण्यापेक्षा नवीन विक्रेत्या भरती करण्यावर भर असतो. अमुक इतक्या बायका आणा, तुमची श्रेणी वाढेल. महिनाअखेर अमुक रकमेचा माल उचला, तुम्हाला बक्षीस मिळेल. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७९ मध्ये ॲमवे कंपनीच्या खटल्यात याच प्रश्नाचा विचार केला. आधी घेतलेला बहुतेक माल विकल्याशिवाय नवा घेऊ नये, प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विक्री झालेली असावी आणि न खपलेला माल कंपनीने परत घ्यावा, असे नियम त्या कंपनीत होते. त्या व्यवहाराला फसवी साखळी न ठरवताना आयोगाने हे नियम ध्यानात घेतले. भारतानेही २०२१ मध्ये थेट विक्रीसाठी नियम करून साखळी योजनांना मनाई केली. आपल्यासारख्यांनी सोपी कसोटी लावावी. भांडे शेवटी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाते, की नव्या भरती झालेल्या बाईच्या पलंगाखाली? पैसा स्वयंपाकघरातून येत असेल तर तो व्यापार. नव्या बाईच्या बचतीतून येत असेल तर त्यापासून दूर राहावे.

वहिनींच्या कंपनीच्या माणसाने एकदा महिनाअखेरीस वीस हजारांचा माल उचलण्याचा आग्रह धरला होता. वहिनींनी वही उघडली. मागच्या तीन महिन्यांत तेवढा माल खपलाच नव्हता. त्यांनी नकार दिला आणि त्यांची श्रेणी एक पायरी खाली गेली. त्यांच्याबरोबरच्या एका बाईंनी तो माल घेतला. त्यातली खोकी वर्ष उलटले तरी त्यांच्या खोलीत रचलेली होती आणि नवऱ्याबरोबर रोज वाद होत होता.

आपल्या समाजाच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. या बेटावर आपण मराठी माणसे मोजकी. लग्नात, भजनात, गणेशचतुर्थीला तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. कंपनी प्रथम शिकवते ते हेच, की नातेवाइकांची यादी करा. काकी नाही म्हणत नाहीत, मामी नाही म्हणत नाहीत. पण ते भांडे त्यांना हवे असते म्हणून घेतले जात नाही, केवळ भिडेखातर घेतले जाते. आपली जुनी म्हण आहे, भीड भिकेची बहीण. भिडेवर झालेली विक्री एकदाच होते. दुसऱ्या वेळी काकी दारातच सांगतात, की आम्ही बाहेर निघालो आहोत. म्हणून वहिनींनी आरंभीच नियम केला: नातेवाइकांच्या घरी कॅटलॉग न्यायचा नाही, गणपतीच्या मांडवात धंद्याचे नाव काढायचे नाही, ज्याला हवे असेल त्याने स्टॉलवर यावे. मेळ्याचा हाच मोठा गुण. तेथे येणारा स्वतःच्या पायांनी येतो आणि नको असेल तर संकोच न करता पुढे जाऊ शकतो.

भांडे विकले म्हणजे काम संपले असेही नाही. कुकरचे रबर सैल होते, झाकणाची मूठ तुटते. हमीपत्रावर कंपनीचे नाव असते, पण गिऱ्हाईक कंपनीकडे जात नाही, वहिनींकडे येते. म्हणून त्यांच्या पेटीत नेहमी रबरे, मुठी, पावती-पुस्तक आणि गिऱ्हाइकांच्या नावांची वही असते. कंपनी मोडली किंवा तिने येथला व्यवहार बंद केला, तरी विकणारी बाई त्याच गावात राहते आणि त्याच बसस्टॉपवर उभी असते. तिची अब्रू त्या भांड्याबरोबर विकली गेलेली असते.

तेव्हा आपल्यापैकी कोणी भगिनी हा धंदा सुरू करणार असतील, त्यांनी पहिल्या खोक्याबरोबर एक वही विकत घ्यावी. कंपनी न खपलेला माल परत घेते का, हे लेखी विचारावे. सुटे भाग येथे मिळतात का, याची चौकशी करावी. कर्ज काढून माल भरू नये. आणि वाचकहो, आपण गिऱ्हाईक म्हणून जाल तेव्हा पावती मागा, प्रश्न विचारा, भांडे नको असेल तर नको म्हणा. विकणारी ओळखीची असली तरी नको म्हणा. तिचा अपमान होणार नाही. उलट, ज्या दिवशी आपण हो म्हणाल, त्या दिवशी ते खरे आहे हे तिला कळेल. वहिनींची दोन्ही मुले याच टेबलाच्या आधाराने शिकली. थोरला आता स्वतः शिक्षक आहे, आणि रविवारी सकाळी आईची खोकी व्हॅनमध्ये चढवायला तो अजूनही येतो.