नळाची वेळ आणि शहराचा नकाशा

सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरे अजूनही आहेत, की पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागे स्वयंपाक आणि दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई. हे घर की कारखाना? नगररचनेच्या नकाशात निवासी जागेला पिवळा रंग असतो, औद्योगिक जागेला जांभळा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, 1966 प्रमाणे विकास योजनेआधी जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा करावा लागतो. या घरावर त्यात कोणता रंग द्यायचा, हा प्रश्न जुनाच आहे. नवे इतकेच, की रंग भरायला आता संगणक मदतीला आला आहे.

तो हे कसे करतो, ते समजायला फार गणित लागत नाही. आधी माणसे हजारो उपग्रहचित्रांवर छपरे आखून देतात. त्या उदाहरणांतून संगणक छपराची कड, सावली, पोत यांची सांगड घालायला शिकतो आणि मग न पाहिलेल्या चित्रातही छप्पर ओळखतो. गुगलच्या ‘ओपन बिल्डिंग्ज’ या संचाच्या 2023 च्या आवृत्तीत अशा सुमारे 180 कोटी इमारतींच्या आकृत्या आहेत आणि त्यात भारतही आहे. सोलापूरला याचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? 1992 च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र एकदम काही पटींनी वाढले. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 9,51,558 होती आणि 2021 ची गणना वेळेवर झालीच नाही. मधल्या काळात कोणत्या माळावर वस्ती उभी राहिली, हे नवी छपरे सांगू शकतात. रस्ता, शाळा, गटार आधी कुठे हवे, याचा अंदाज त्यातून बांधता येतो.

पण छपराखाली काय चालते, हे वरून दिसत नाही. खोलीतल्या मागाचा खडखडाट उपग्रहाला ऐकू येत नाही. शिकवताना ज्या घराला ‘निवासी’ म्हटले, तसल्या साऱ्या घरांना संगणक निवासीच म्हणणार. माणसाची एक चूक मग शहरभर छापली जाते.

पाण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी द्यावे, असा आपल्याकडचा मापदंड आहे. समजा, नळ चौथ्या दिवशी येतो आणि त्या दिवशी चारही दिवसांचे पाणी देतो. सरासरी बरोबर 135 भरेल आणि तक्ता निर्दोष दिसेल. पण पाच माणसांच्या घराला त्या दिवशी 2,700 लिटर साठवावे लागेल, म्हणजे दोनशे लिटरची साडेतेरा पिंपे. ज्याच्या गच्चीवर टाकी आहे त्याला सरासरी लागू पडते. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला पडत नाही.

गळती शोधण्याचेही तसेच. जिथे चोवीस तास पाणी असते, तिथे मध्यरात्री वापर जवळजवळ थांबतो. तरीही प्रवाह चालू राहिला, तर पाणी कुठेतरी मुरते आहे, हे यंत्र ताडते. नळ दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येणाऱ्या शहरात मात्र बऱ्याच नळ्या रात्री रिकाम्याच असतात. पाणी सुटते तेव्हा सगळे एकदम भरून घेतात. तिथे ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव आले, तेव्हा मलाही आनंद झाला होता. उजनीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून आणणाऱ्या या शहराला मोजमाप हवेच आहे. पण बाहेर तयार झालेले यंत्र आपल्या नळाची सवय गृहीत धरत नाही, हे विसरून चालत नाही.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने एक प्रयोग केला होता. गाडीतला मोबाइल हादऱ्यावरून खड्ड्यांची नोंद आपोआप करी. पण नोंदी येणार कुठून? ज्यांच्याकडे गाडी आणि स्मार्टफोन, त्यांच्या रस्त्यांवरून. गरीब आणि वृद्धांच्या वस्त्यांतले खड्डे मागे पडण्याचा धोका अभ्यासकांनी दाखवून दिला. आपल्याकडे घरात एकच फोन असेल आणि तो कामावर गेलेल्या पुरुषाच्या खिशात असेल, तर त्या बाईची पायपीट कोणत्या विदेत येणार?

1914 मध्ये भारतात आलेले पॅट्रिक गेडिस नगररचनाकारांना आधी गावातून पायी हिंडायला लावत. निदान आधी, उपचार मागाहून, हा त्यांचा आग्रह होता. हाच धडा गिरवायचा म्हणून मी दोन गल्ल्यांतल्या बायकांना विचारून नळाच्या वेळा वहीत लिहीत गेलो. गल्लीच्या तोंडाच्या घरी धार सुरू होते तेव्हा शेवटच्या घरी नुसती हवा असते. विडी कामगाराची मजुरी हजार विड्यांवर ठरते. नळाची वाट पाहण्यात आणि पाणी भरण्यात गेलेले तास त्या हजारातूनच वजा होतात. हा आकडा ना पाण्याच्या तक्त्यात आहे, ना रोजगाराच्या.

कृत्रिम बुद्धिमत्तेला माझा विरोध नाही. तिला हीसुद्धा वही वाचायला द्या, एवढेच मागणे आहे. प्रत्येक प्रभागात गल्लीच्या तोंडाची आणि टोकाची अशी दोन घरे निवडून नळाची वेळ व धार नोंदवली, तर त्याला मोठा खर्च नाही. मग यंत्र सरासरीऐवजी शेवटच्या घरापासून हिशेब मांडायला शिकेल. शिकवणाऱ्याने मात्र त्या घरापर्यंत चालत जायला हवे.