उभ्या गाडीची निगा : युरोपातील हिवाळी धंदा आणि आपले मिस्त्री

आपल्या समाजातील हजारो कुटुंबांची रोजी गॅरेजवर चालते. इंजिनाचा मिस्त्री, वायरमन, डेंटर, पेंटर, सीट शिवणारा, टायरवाला असे आपले कारागीर मुंबईपासून मालेगावपर्यंत कोणत्याही गॅरेजच्या गल्लीत दिसतात. पण या कारागिरांपुढे आज एक अडचण उभी आहे. नवी गाडी वॉरंटी संपेपर्यंत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जाते. कार्ब्युरेटर गेले, त्यांच्यासोबत कार्ब्युरेटर जुळवणाऱ्या हातांचे कामही गेले. चालत्या गाडीची दुरुस्ती कमी होत असताना उभ्या गाडीची निगा हेही एक काम आहे, याकडे आपल्या बांधवांचे लक्ष वेधावे असे आम्हाला वाटते. थंड देशांत या कामाचा स्वतंत्र धंदा झालेला आहे.

इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड या देशांत स्पोर्ट्स कार बाळगणारे अनेक मालक ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाडी आत ठेवतात आणि मार्च-एप्रिलमध्ये बाहेर काढतात. रोजच्या कामाला दुसरी गाडी असते. ही गाडी शौकाची, महागडी आणि बरेचदा जुनी. काही मालक ती घरच्या गॅरेजात ठेवतात, तर काही जण महिन्याचे भाडे भरून ती सांभाळणाऱ्याच्या स्वाधीन करतात.

मीठ हा पहिला शत्रू

थंडीचे खरे नुकसान बर्फाने कमी आणि मिठाने जास्त होते. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून तिकडे हिवाळाभर मीठ टाकतात. खारे पाणी शून्य अंशावर गोठत नाही, म्हणून रस्ता मोकळा राहतो. पण हेच पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाखाली, मडगार्डच्या आत आणि दाराखालच्या पोकळ सिलमध्ये जाऊन बसते. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. गंज ही मुळात विजेचीच क्रिया असल्याने साध्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात लोखंड कितीतरी लवकर खाल्ले जाते. १९६१ साली आलेली जग्वार ई-टाइप देखणी म्हणून जगभर गाजली, पण तिच्या सिलना लागणारा गंज आजही दुरुस्ती करणाऱ्यांना काम पुरवतो. पोर्शे कंपनीने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ९११ गाडीच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा द्यायला सुरुवात केली, ती याच कारणाने.

दुसरे कारण टायरचे. स्पोर्ट्स कारच्या उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागते आणि पकड सोडते. कडाक्याच्या थंडीत असे टायर फिरवले तर रबराला चिरा पडू शकतात.

तिसरे कारण कायद्याचे. जर्मनीत १९९७ पासून हंगामी नंबर प्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला महिने छापलेले असतात. तिथे ०४ आणि १० असे आकडे असतील तर गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच चालवता येते आणि कर-विमाही त्या हिशोबानेच भरायचा. उरलेल्या महिन्यांत ती सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून गाडी रस्त्यावर नसल्याची नोंद सरकारकडे करता येते. मग कर लागत नाही, पण गाडी खाजगी जागेतच ठेवावी लागते. म्हणजे जागा लागतेच, आणि जागा आली की जागा सांभाळणारा आला.

कामाचा क्रम

गाडी ठेवण्यापूर्वीची तयारी एका दिवसाची असते. आपल्या मिस्त्रींना यातले एकही काम नवे नाही. क्रम मात्र महत्त्वाचा आहे.

आधी धुलाई. वरून पॉलिश केलेली आणि खाली चिखल राहिलेली गाडी ठेवणे म्हणजे गंजाला घर देणे. पोट, मडगार्डच्या आतल्या कडा आणि पाणी निघून जाण्याची भोके साफ करावीत. धुतल्यावर गाडी थोडी चालवून ब्रेक कोरडे करावेत, मगच मेण लावावे.

मग ऑइल. वापरलेल्या ऑइलमध्ये जळालेल्या पेट्रोलचे आम्ल आणि पाण्याचा अंश उतरलेला असतो. ते चार-पाच महिने इंजिनात राहिले तर बेअरिंगला बाधते. म्हणून ऑइल आणि फिल्टर ठेवण्यापूर्वी बदलावे, काढताना नव्हे. इंजिन थोडे चालवले की नवे ऑइल सगळीकडे पोचते.

रेडिएटरमध्ये निव्वळ पाणी असेल तर थंड देशात घात होतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनाचा ब्लॉक फोडू शकते. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे घातले तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. ते दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर बदलून घ्यावे.

पेट्रोलची टाकी जवळजवळ भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत हवा जास्त आणि त्या हवेतला ओलावा आत थेंब धरतो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि तेही पाणी ओढते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते, आपल्याकडे २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर गेले. जुन्या गाडीचे रबरी पाइप या मिश्रणासाठी बनलेले नाहीत, म्हणून ते हाताने दाबून तपासावेत. पेट्रोल टिकवणारे औषध टाकीत घातल्यास इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते पाइपात आणि कार्ब्युरेटरमध्ये उतरते.

बॅटरीचा नियम सोपा आहे. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करावी. घड्याळ आणि अलार्म उभ्या गाडीतही बॅटरी पीत राहतात. भरलेली बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही, उतरलेली मात्र शून्याच्या थोडे खाली गेले तरी गोठून फुटू शकते. त्यामुळे एक तर बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी, नाहीतर आपोआप बंद-चालू होणारा चार्जर जोडावा. साधा चार्जर महिनोन्‌महिने लावून ठेवला तर बॅटरी उकळून जाते.

टायर एकाच जागी दबून चपटे होतात. त्यासाठी नेहमीपेक्षा पाच-दहा पौंड हवा जास्त भरावी, मात्र टायरवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नये. गाडी घोडीवर चढवायची असेल तर घोडी सस्पेन्शनच्या आर्मखाली लावावी. चाके लटकत राहिली तर बुश आणि शॉक अब्सॉर्बर ताणलेले राहतात.

हँडब्रेक ओढून ठेवू नये. लायनर ड्रमला किंवा पॅड डिस्कला चिकटते आणि काढताना तुटते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळे लावावेत.

शेवटी उंदीर. थंडीत त्यांना ऊब हवी असते, आणि इंजिनावरची वायर व सीटचा फोम त्यांना आवडतो. सायलेन्सरच्या तोंडाशी आणि हवेच्या वाटेवर तारेचा काथ्या बसवावा. तो बसवला असल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी, नाहीतर वसंतात कोणीतरी तशीच गाडी चालू करतो.

गैरसमज

दर रविवारी गाडी पाच मिनिटे चालू करणे म्हणजे काळजी घेणे, असे बऱ्याच जणांना वाटते. परिणाम उलटा होतो. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, धुरातले पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचते. गाडी चालवायची तर वीस-तीस किलोमीटर चालवावी, नाहीतर हात लावू नये. बंद खोलीत इंजिन चालू करणे तर जिवावरचे आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो.

दुसरा गैरसमज प्लास्टिकचा. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली की खाली ओलावा कोंडतो आणि रंगाला फोड येतात. हवा खेळेल असे कापडी कव्हर चांगले. उबदार पण दमट खोलीपेक्षा थंड पण कोरडी, वारा खेळणारी जागा गाडीला मानवते.

काढताना

हंगामानंतर घाई करू नये. आधी चिठ्ठीप्रमाणे काथ्या काढावा, उंदरांच्या खुणा आणि वायरी पाहाव्यात, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल यांची पातळी व टायरची हवा तपासावी. जुन्या गाडीत इग्निशन तोडून स्टार्टर थोडा फिरवला की बेअरिंगपर्यंत ऑइल चढते, मग इंजिन चालू करावे. डिस्कवर आलेला तांबूस गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. पेडल मऊ लागत असेल तर गाडी रस्त्यावर आणू नये.

आपल्याकडे हिवाळा नाही, पावसाळा आहे

महाराष्ट्रात मीठ टाकत नाहीत आणि पाणी गोठत नाही. पण मुंबईत आणि कोकणात चार महिने हवा ओलसर आणि खारी असते. जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार किंवा जपलेली व्हिंटेज गाडी मुंबईच्या पावसात कोणी काढत नाही. शिवाय रायगड, रत्नागिरी भागात मालक आखातात आणि गाडी घराच्या पडवीत, असे चित्र घरोघर आहे. मालक सुट्टीवर येतो तेव्हा बॅटरी बसलेली, ब्रेक चिकटलेले, सीटला बुरशी आणि वायर उंदराने खाल्लेली. चार दिवसांची सुट्टी गॅरेजात जाते. ठेवण्यापूर्वी एक दिवसाचे काम केले असते तर हा खर्च टळला असता, आणि त्या कामाची मजुरी गावच्या मिस्त्रीला मिळाली असती.

वर दिलेला क्रम इकडेही लागू पडतो. फरक तीन बाबींचा आहे. एक, जागा उंचावर हवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यावरच्या, तळघरातल्या गाड्या बुडाल्या. दोन, आत बुरशी धरू नये म्हणून कातडी सीट पुसून कोरडी करावी, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात आणि उघडीप पडेल तेव्हा दारे उघडून वारा द्यावा. तीन, कूलंट गोठण्याच्या भीतीने नव्हे तर आतून गंज धरू नये म्हणून घालावे.

भांडवल विश्वासाचे

या धंद्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. कोरडी जागा, चांगला चार्जर, हवेचा पंप, घोड्या आणि वही पुरते. खरे भांडवल विश्वासाचे आहे. कोणी लाखो रुपयांची गाडी आणि तिची किल्ली आपल्या हाती देतो तेव्हा ती अमानत असते. त्या गाडीतून एक फेरी मारून येणे, मित्राच्या लग्नाला ती सजवून नेणे, तिचा चांगला टायर काढून दुसऱ्या गाडीला लावणे ही खियानत आहे, मग मालकाला कळो वा न कळो. अशा एका बातमीने एकाच गॅरेजची नव्हे, तर साऱ्या गल्लीची इज्जत जाते.

म्हणून सुरुवातीपासून लिखापढी ठेवावी. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआन शरीफमध्ये आहे, आणि हा व्यवहार मुदतीचाच आहे. गाडी घेताना चारी बाजूंनी फोटो, किलोमीटरचा आकडा, टाकीतले पेट्रोल, आधीचे ओरखडे आणि आतले सामान यांची नोंद करून मालकाची सही घ्यावी. आग, चोरी किंवा पूर आल्यास जबाबदारी कोणाची आणि विमा कोणाचा, हे आधीच ठरवावे. मोबदला घेऊन ठेव सांभाळणाऱ्यावर शरियतप्रमाणे किती जबाबदारी येते, हे आपल्या मस्लकच्या जाणकार आलिमांना विचारून घ्यावे. दर पंधरवड्याला बॅटरीचा व्होल्ट आणि टायरची हवा वहीत लिहावी आणि त्या पानाचा फोटो मालकाला पाठवावा. आखातात बसलेल्या मालकाला यापेक्षा मोठा दिलासा नाही.

सुरुवात दोन-तीन गाड्यांपासून करावी. मे महिन्यात ओळखीच्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवावे, जूनच्या पहिल्या सरीआधी गाड्या बांधून व्हाव्यात. गॅरेजचे काम पावसाळ्यात मंदावते, त्याच महिन्यांत या कामाची मजुरी येते. पहिल्या वर्षी कमाई थोडी असेल, पण ऑक्टोबरात मालकाने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली, तर पुढच्या वर्षी तो आणखी दोन गिऱ्हाइके घेऊन येईल, इन्शाअल्लाह.