उंबरठा ओलांडणारे रेणू

तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा शाळेपासून आपल्याला पाठ असतो. कारणही तयार असते: उष्णतेने रेणू जोरात पळतात आणि एकमेकांवर जास्त वेळा आदळतात. हे खरे आहे, पण हिशेबात टिकत नाही. 25 अंश सेल्सिअस म्हणजे 298 केल्विन आणि 35 अंश म्हणजे 308. वाढ जेमतेम साडेतीन टक्क्यांची. रेणूंचा सरासरी वेग केल्विन तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही. टकरी एवढ्याशा वाढल्या, तर दुप्पट वेग आला कुठून?

स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने 1889 साली उसाच्या साखरेचे आम्लात होणारे विघटन तपासताना याचे उत्तर मांडले. सगळे रेणू अभिक्रियेत उतरत नाहीत, पुरेशी ऊर्जा असलेले मोजकेच उतरतात. जुने बंध सैल करायला लागणाऱ्या या किमान ऊर्जेला आज सक्रियण ऊर्जा म्हणतात. हा उंबरठा मोलमागे 50 किलोज्यूल धरला, तर 25 अंशांना तो ओलांडू शकणाऱ्या टकरी अब्जामागे पावणेदोनच्या आसपास निघतात. 35 अंशांना सव्वातीन. सरासरी रेणू जवळजवळ होता तिथेच राहिला, पण या मूठभरांची संख्या दुपटीला आली. वेग ठरतो तो त्यांच्यावर.

यावर कोणी म्हणेल, मग उकळत्या दुधात विरजण घातले तर दही का लागत नाही? कारण तिथे दुसरी अभिक्रिया शर्यत जिंकते. जिवाणूंमधल्या प्रथिनांची घडी उलगडण्याचा उंबरठा फार उंच असतो. म्हणूनच तो वेग तापमानाबरोबर झपाट्याने चढतो आणि दही लावणारे जिवाणूच मरतात. हा अपवाद दिसतो, प्रत्यक्षात पुरावा आहे. खरा अपवाद नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेचा: ती तापवल्यावर मंदावते. तिच्या पहिल्या पायरीवर जमणारी नाजूक जोडी उष्णतेने सुटते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

उरला तो दुपटीचा ठोकताळा. उंबरठा 100 किलोज्यूलचा असेल, तर त्याच दहा अंशांत वेग 3.7 पट होतो. उलट 500 अंशांच्या भट्टीत 50 किलोज्यूलच्या अभिक्रियेला दहा अंशांनी मिळते फक्त दहा टक्के वाढ.