खिडकीचा उजेड, पोराचा फोटो

१९१९ साली आपल्या नाशिकच्या दादासाहेब फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’ काढला. त्यात कृष्ण झाली त्यांचीच लहान मुलगी मंदाकिनी. सुरुवातीलाच तिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव दिसतात. तेव्हा शूटिंगचा मुख्य दिवा म्हणजे सूर्य!

तोच आपल्या खिडकीतही येतो. घरात मुलांचे फोटो हलतात, कारण उजेड कमी असला की फोनचं शटर जास्त वेळ उघडं राहतं, आणि मूल काही थांबत नाही. म्हणून त्याला खिडकीजवळ बसवा, एक गाल उजेडाकडे. थेट ऊन असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरा, सावली उजळते. दिवे बंद करा, नाहीतर दोन रंगांचे उजेड मिसळतात. फ्लॅश नकोच. फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. आणि ‘हस ना’ म्हणू नका, खेळू द्या. भाव आपोआप येतात.