दुरून उघडणारे दार

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे मराठी गद्याचे माहेरघर. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी येथे लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर येई. संकेत ठाऊक असलेल्यालाच पोथी वाचता येई. इतरांना ती हातात असूनही बंदच!

याच रिद्धपूरला २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. विद्यापीठ असो, बँक असो की रुग्णालय, संस्था म्हटली की आज संगणक आलेच. त्यांतला एखादा अडला तर तंत्रज्ञाला दर वेळी तेथवर जावे लागत नाही. दूरच्या शहरात बसून तो त्या संगणकाचा पडदा आपल्या पडद्यावर पाहतो आणि दुरुस्ती करतो. यालाच दूरस्थ प्रवेश म्हणतात. मग जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो : पोथी कोणी उघडावी?

आधी हे घडते कसे ते पाहू. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एका चित्राला ६२ लाखांहून अधिक बाइट लागतील. दर क्षणी एवढे चित्र कोण पाठवणार? म्हणून चित्राचा बदललेला भागच, तोही आक्रसून, पाठवला जातो. उलट दिशेने जातात ते फक्त कळफलकावरचे ठोके आणि माउसच्या हालचाली. काम मात्र तिकडच्या संगणकातच चालते.

संगणकाला जाळ्याकडे उघडणारी ६५,५३६ क्रमांकित दारे असतात. विंडोज प्रणालीत दूरस्थ प्रवेशाचे ठरलेले दार ३३८९ क्रमांकाचे. हे चोरांनाही ठाऊक असते! म्हणून ते थेट इंटरनेटवर उघडे ठेवत नाहीत. संस्थेच्या वेशीवर एक द्वारपाल-संगणक असतो. ओळख पटल्यावरच तो आत सोडतो.

ओळख पटवायची कशी? समजा, परवलीचा शब्द चार अंकी आहे. ०००० ते ९९९९ अशा १०,००० शक्यता झाल्या. सेकंदाला एक प्रयत्न केला तरी तीन तासांच्या आत सगळ्या संपतील. पण पाच चुकांनंतर दार १५ मिनिटे बंद होत असेल, तर त्याच कामाला सुमारे २१ दिवस लागतील! शिवाय मोबाइलवर येणारा एकवेळचा अंक, म्हणजे दुसरा पुरावा, मागितला तर नुसता परवलीचा शब्द चोरून भागत नाही.

तरीही मोठी चूक होते ती विसरलेल्या किल्लीची. २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीत चोर शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या दूरस्थ खात्यातून. त्या खात्याला दुसरा पुरावा लागत नव्हता. परिणामी इंधनाची नळवाहिनी काही दिवस बंद पडली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. म्हणूनच नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे, प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा आणि कोण केव्हा आत आला याची नोंद ठेवावी, असा नियम असतो.

आता पुन्हा पोथीकडे वळू. अक्षरांच्या अदलाबदलीची रीत एकदा कळली की त्या रीतीने लिहिलेल्या साऱ्या पोथ्या उघडतात. १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने यावर तत्त्व मांडले : रीत शत्रूला कळली तरी चालेल, गुप्त राहावी ती किल्ली. कारण किल्ली बदलता येते. आजचे दूरस्थ प्रवेशाचे संदेश याच तत्त्वाने कुलूपबंद होतात आणि प्रत्येक भेटीची किल्ली नवी असते.

पण कुलपाला दुसरी बाजूही आहे. महानुभावांचे हे साहित्य शतकानुशतके बहुतेक मराठी वाचकांना अज्ञातच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या खटपटीने संकेत उलगडले, तेव्हा ते सर्वांसमोर आले. संस्थेतही सगळ्या किल्ल्या एकाच माणसाच्या डोक्यात असतील, तर त्याच्या गैरहजेरीत संस्थाच दाराबाहेर राहील. तेव्हा एक जादा किल्ली मोहोरबंद करून, दोघा जबाबदार व्यक्तींच्या ताब्यात ठेवतात. परक्याला अडवणे आणि आपल्याला न अडवणे, ही दोन्ही कामे साधली तरच ते कुलूप चांगले!