आईची नोंद, लेकराची साखर

समजा, भोरजवळच्या उत्रोलीत एका बाईला दिवस गेलेत. आशाताईंनी नाव नोंदवलं. वजन, बीपी, हिमोग्लोबिन माता-बाल संरक्षण कार्डावर चढलं. रक्ततपासणी भोरला झाली, सोनोग्राफी खासगी सेंटरला आणि अडचण दिसली म्हणून बाळंतपण पुण्यात, ससूनला. बाई एकच, पण तिच्या नोंदी चार ठिकाणी. आजचं दुखणं बघायला डॉक्टरांना शेवटचा रिपोर्ट बहुतेकदा पुरतो. संशोधकाला मात्र पहिलाही लागतो, आणि तो याच बाईचा आहे याची खात्रीही लागते. ती खात्री देणं हे जैववैद्यकीय माहितीशास्त्राचं मूळ काम.

त्यातून काय हाती लागतं हे पुणे जिल्ह्यानेच जगाला दाखवलं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला, तोही दिवस जाण्याआधीपासून. पुढे सातशेहून अधिक बाळं जन्मली. त्यांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. वजन, स्नायू, पोटाचा घेर, सगळंच कमी. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार असं हे बाळ.

ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली आणि त्यांचे आकडे आईच्या गरोदरपणातल्या रक्ताशी ताडून पाहिले गेले. दोन तृतीयांशांच्या आसपास आयांमध्ये बी१२ जीवनसत्त्व कमी निघालं होतं. ज्यांचं बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. निष्कर्ष कागदावरच राहिला नाही: २०१२ मध्ये हीच मुलं वयात आल्यावर त्यांना बी१२ देऊन पाहण्याची चाचणी सुरू झाली. गावातली नोंद, तिच्यातून शंका, शंकेतून चाचणी: प्रयोगशाळा आणि दवाखाना जोडणारं संशोधन म्हणतात ते हेच. आईच्या रक्ताची नळी आणि लेकराचा रिपोर्ट यांचा क्रमांक जुळला नसता, तर यातलं काहीच दिसलं नसतं.

जुळवणी वाटते तितकी सोपी नाही. आपल्याकडे उपाशीपोटी साखर १२६ लिहितात, इंग्लंडमध्ये तीच ७ लिहिली जाते, कारण मोजमापाचं एकक वेगळं. एक डॉक्टर 'शुगर', दुसरा 'डीएम', तिसरा 'मधुमेह' लिहितो. संगणकाला ते तीन आजार वाटतात. म्हणून स्नोमेड सीटी नावाच्या जागतिक शब्दकोशात टाईप २ मधुमेहाला ४४०५४००६ हा एकच क्रमांक आहे. भारतात अशा मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. २०२१ पासून देशभर राबवलेला चौदा आकडी 'आभा' क्रमांकही नोंदी एका माणसाशी बांधण्यासाठीच आहे.

अशा जुळलेल्या नोंदीतून ओळख उघड होण्याचा धोका मात्र खेड्यात जास्त असतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. पुण्यासारख्या शहरात नाव काढून टाकलं की रुग्ण गर्दीत मिसळतो. वेल्ह्याच्या डोंगरातल्या दहा-बारा उंबऱ्यांच्या वाडीत वय आणि एखादा दुर्मिळ आजार एवढं लिहिलं, तरी कोण ते सगळ्यांना कळतं. तिथे गावाऐवजी तालुका, वयाऐवजी वयोगट नोंदवायला हवा. आणि संमती घ्यायची ती मराठीत, समजावून. नुसता अंगठा म्हणजे संमती नव्हे.

भोर-वेल्ह्याच्या आयांची आणि मुलांची अशी दीर्घकाळाची, जुळलेली नोंद ठेवता येईल. आशाताईंच्या वह्यांत तिची सुरुवात आधीच झालेली असते. वाचकांनी एवढं करावं: बाळंतपणाचं कार्ड आणि तपासणीचे रिपोर्ट मूल मोठं होईपर्यंत टाकू नयेत. आणि कोणी आभा क्रमांक किंवा रक्ताचा नमुना मागितला, तर तो कशासाठी आणि कोण पाहणार, हे विचारूनच द्यावा.